एक शीर की तीन

४ ऑक्टोबर

नमस्कार.

पार्सल पोचलं. आलेलं सामान असं: काळ्या दांड्याचं भिंग एक, टिपकागदांची चवड एक, जाड लिफाफे, तुमच्या हातचं झाडाचं चित्र एक, पत्र एक. लिफाफे वीस लिहिलेत, निघाले एकोणीस. तिकिटं कमी लावली होती म्हणून पोस्टमननं दंड घेतला. तेवढ्यात आठवड्याचं दूध आलं असतं. पुढच्या खेपेला वजन करून तिकिटं लावावीत.

भिंग मात्र चांगलं आहे. वन्संनी आधी आपल्या बोटांवरची शाई त्यातून बघून घेतली. मग म्हणाल्या, "वहिनी, सहा वर्षांत दादानं पहिल्यांदा काही धाडलं, तेही बघायचं यंत्र. स्वतःचं तोंड दाखवायला नको म्हणून!" तुमची बहीण आहे, तेव्हा तुमचं तुम्ही बघून घ्या. अजून त्याच छापखान्यात खिळे जुळवते, अजून तशीच बोलते. छत गळत नाही. माझे गुडघे बरे आहेत. तुम्ही विचारलेलं नाही, तरी लिहिते.

आता तुमच्या पत्राविषयी. मला समजलं ते असं. दगडाच्या खाणीच्या कड्यावरचं ते झाड मोहरीच्या कुळातलं, एवढं सगळ्यांना मान्य आहे, कारण चार पाकळ्या फुलीसारख्या. पण त्या कुळातली कुठली जात, ते कुणाला सांगता येत नाही. तुमच्याजवळच्या वाळक्या झाडाला फूल आहे, पान आहे, पिकलेली शेंग नाही. आणि या कुळात शेंग बोलेल ते खरं. खाण आता काठोकाठ पाण्यानं भरली, कडा बुडाला. दुसरीकडे कुठे ते झाड सापडलं नाही. म्हणजे बी असलंच तर एकाच ठिकाणी. "तिची पेटी उघडून तिच्या त्या दिवशीच्या बुटांच्या तळव्यातली माती काढून बघ." बाजारातून येताना दोन वस्तू आण म्हणावं, तसं लिहिलंत.

आणि झाड नवीन ठरलं तर त्याला तिचं नाव देणार.

यावर स्पष्ट लिहिते. आपण आपली पोर देवाच्या हवाली केली. दिलेलं परत मागू नये, एवढंच मला कळतं. सहा वर्षांत मी तिचं नाव तोंडातून काढलेलं नाही. हाक मारली की ती मागं वळायची. शाळेला कितीही उशीर झालेला असो, फाटकाशी पोचलेली असो, हाक ऐकली की थांबायची आणि वळायची. तुम्ही तिला पुस्तकातून देशोदेशी हाका मारवणार. तिला ओळखतही नाहीत अशी माणसं नाव घेणार, शेवटी तुमच्या शास्त्राची शेपटी लावून. मग ती पोर पुढं कधी जाणार?

पेटी उघडणार नाही. भिंग परत धाडायचा खर्च मी करणार नाही. कुणी तिकडे जाणारं भेटलं तर देईन.

मी


२३ ऑक्टोबर

नमस्कार.

तुम्ही वाद घातला नाहीत याचंच नवल वाटलं. पूर्वी मीठ जास्त की कमी यावरही घालत होतात. या वेळी नुसतं समजावून लिहिलंत की प्रत्येक जातीच्या नावामागे एकच कागद असतो. त्या कागदावर चिकटवलेलं झाड म्हणजेच ते नाव. पुढे शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तरी त्यानं तुमच्या त्या वाळक्या झाडांच्या संग्रहालयात यायचं, कपाट उघडायचं आणि तोच कागद बघायचा. आणि नाव एकदा छापलं की पुसलं जात नाही.

वन्संना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "बरं आहे. आमच्याकडे खिळा उलटा बसला तर शुद्धिपत्र काढतात. दादाच्या शास्त्रात चूकसुद्धा जन्माची."

पेटी उघडली. तुमच्यासाठी नव्हे. लोकरीला कसर लागते, आणि सहा वर्षांत ऊन दाखवलं नव्हतं. हिरवा कोट चांगला आहे. एक बटण मीच काळ्या दोऱ्यानं लावलेलं, तेही आहे तसं. खिशात पेन्सिलीचा तुकडा होता. बूट पुसून ठेवायचे राहिले होते, म्हणून तळव्यांच्या खाचांत माती तशीच. आत चवड्याशी कापसाचे बोळे होते. एक नंबर मोठे घेतले होते, पुढच्या वर्षीही पुरावेत म्हणून. त्याबद्दल मी काही लिहीत नाही.

माती खरवडली नाही. परातीत पाणी घेऊन बुटांचे तळवे त्यात भिजत ठेवले. पाणी तांबडं झालं. तळाशी गाळ बसला आणि गाळात बारीक काळे दाणे दिसले. भिंगातून बघितले. गोल, काळपट, मोहरीच म्हणावी असे.

ते तुम्हाला पाठवणार नाही. पोस्टाचा काय भरवसा. तुम्ही लिहिलंत तसंच इथं केलं. अर्धे दाणे चांगल्या मातीत, अर्धे दगडाच्या खडीत. खडीवरही जगलं आणि मातीतही तसंच राहिलं तर झाड मुळातच वेगळं. मातीत बदललं तर खडकानं त्याला तसं केलेलं होतं. हे मला लगेच कळलं. तुम्ही दोनदा लिहायची गरज नव्हती.

उगवेल असं वाटत नाही. उगवू नये अशी देवाकडे प्रार्थना केली आहे. पाणी रोज घालते.

मी


१९ नोव्हेंबर

नमस्कार.

उगवलं.

आधी मातीच्या कुंडीत, मग खडीच्या. पहिली दोन पानं शेंड्याशी खाच असलेली, चिमुकल्या दोन बदामांसारखी. बाकीची रोपं मेली. आता मातीत एक आहे आणि खडीत एक. दोन्ही मागच्या दाराशी ठेवली आहेत.

वन्सं सकाळी दात घासता घासता म्हणाल्या, "मोहरी डब्यात असते वहिनी, तुम्ही ती जन्माला घालत बसलात."

मी म्हटलं, "तुमच्या दादाचं काम आहे."

"दादाचं काम असतं तर कुंडीला पदर लावून सावली केली नसती तुम्ही."

ऊन कडक होतं, म्हणून जुनं लुगडं बांधलं होतं एवढंच. त्यांना प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं.

खडीतलं रोप तुमच्या चित्रासारखंच होत चाललंय. चित्र दाराला लावून रोज ताडून बघते. वीतभर उंची, पानाला कुठंही कातर नाही, अंगभर करडी लव. हात लावला तर तान्ह्या बाळाच्या डोक्यासारखी लागते. दाणे रस्त्यावरच्या दुसऱ्याच कुठल्या झाडाचे असतील ही तुमची शंका मिटवून टाका. हे तेच आहे. मला भीती वाटावी इतकं तेच आहे.

मातीतलं मात्र वाढतंय. पानं रुंद झाली, कडांना कातरे पडले, लव विरळ झाली. रोज थोडं वेगळं दिसतं. दोघं शेजारी शेजारी, एकाच बुटातली. एक वाढतंय आणि दुसरं जिथल्या तिथं थांबलेलं.

एक गोष्ट लिहू की नको, ठरत नव्हतं. मातीतलं रोप दाराकडे झुकतं. मी कुंडी फिरवून ठेवते, दोन दिवसांत ते पुन्हा घराकडे वळतं. वन्सं म्हणतात, उजेडाकडे वळतात झाडं, शाळेत शिकलो आपण. मीही शिकले आहे. पण उजेड अंगणाकडून येतो. घरात अंधारच असतो.

तुमच्या चित्रात मूळ नाही. बाकी एकेक केस काढला आहे, म्हणजे विसरला नसाल.

मी


२ जानेवारी

नमस्कार.

दोन्हींना फुलं आली. पिवळी, चार पाकळ्यांची. तुम्ही विचारलंत ती पाकळ्यांखालची हिरवी पानं उभी नाहीत, आडवी पसरली आहेत. हे चांगलं की वाईट, ते तुम्ही कळवलं नाहीत. मातीतलं झाड चौकटीवरच्या तिच्या पाचव्या वर्षाच्या खुणेला लागलंय. कुंडीची उंची वजा करून सांगते आहे.

खुणा तुम्ही कोरलेल्या. मी घासून काढणार होते, राहून गेलं.

मुळाबद्दल तुमचं उत्तर आलं. "कागदावर मूळ नाही, म्हणून चित्रातही नाही. झाड बुंध्याशी तुटलेलं होतं." एवढंच. आणि खाली, कागदाच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते उतरवून पाठवलंत: जागा, दगडाच्या खाणीचा कडा. तारीख. मग "गोळा करणार", आणि पुढं तिचं नाव. ते मी वाचलं नाही. त्यावर अंगठा ठेवून बाकीचं वाचलं.

ती तारीख मला चिठ्ठीवरून कळायला नको.

आता लिहितेच. त्या संध्याकाळी बाहेरच्या खोलीत माणसं बसली होती. कुणी तरी पाणी दिलं, कुणी तरी माझा हात धरून होतं. मी तुम्हाला शोधत मागच्या खोलीत आले. तुम्ही पाठमोरे होतात. पुढ्यात झाडं वाळवायची दाबपट्टी, टिपकागद. ओले कागद काढून कोरडे घालत होतात, एकेक पान बोटानं सरळ करत. तिच्या मुठीतून काढलेलं झाड. मला बघून तुम्ही म्हणालात, "आज बदलले नाहीत तर काळं पडेल."

मी परत बाहेर गेले. तेव्हापासून आपण बोललोच नाही. महिन्याभरात तुम्ही तिकडची नोकरी धरलीत आणि जाताना ते कागदच तेवढे बरोबर नेलेत. लोकांना मी सांगितलं की कामासाठी गेले.

पण तुम्हाला एक विचारायचं आहे, झाडांच्या माणसाला. तिला चालता येत नव्हतं तेव्हापासून तुम्ही तिला सोबत न्यायचात. पाचव्या वर्षी ती मला शिकवायची, "आई, मुळासकट काढायचं. मूळ नसलं तर बाबा घेत नाहीत." स्वयंपाकघराच्या दाराशी एकदा मी कोथिंबीर खुडली तर माझ्यावर रागावली होती. खांद्याला खुरपं लटकवल्याशिवाय बाहेर पडली नाही कधी. त्या दिवशीही खुरपं होतं. पेटीत आहे, स्वच्छ आहे. त्याला माती लागलेली नाही.

नऊ वर्षांची पोर, तुमच्या हाताखाली शिकलेली, मुळाशिवाय झाड खुडेल?

ती गोळा करत नव्हती. ती धरत होती.

हे मला सहा वर्षं माहीत आहे. तुम्हालाही असणार, तुम्ही माझ्यापेक्षा हुशार. मग चिठ्ठीवर ते का लिहिलंत? ती कामात होती, आनंदात होती, असं तुम्हाला वाटून घ्यायचं होतं का? तसं असेल तर मी तुमचा राग कसा करू? आणि तसं नसेल तर कसा सोडू?

शेंगा धरायला लागल्या आहेत. अजून हिरव्या आहेत.

मी


१७ जानेवारी

नमस्कार.

तुमच्या पत्राची वाट बघते आहे. दोन आठवडे झाले. मागच्या पत्रात जास्त लिहिलं गेलं.

इकडे सगळं ठीक. थंडी आहे. कोळसा महागला, म्हणून पाणी एकदाच तापवते. वन्संना खोकला झाला होता, आता दुसऱ्यांना बोलण्याइतका दम आला आहे. मागच्या दाराची कडी नवी बसवली. जुनी वाऱ्यानं वाजायची, कुणी तरी हळूच उघडतंय असं वाटायचं. नवीही वाजते.

एक सहज विचारते. समजा, शेंग तुम्हाला हवी तशी निघाली नाही, तर नावाचं काय होतं? म्हणजे दुसऱ्या कुठल्या झाडाला देतात का? सहजच विचारते आहे. शेंगा अजून पुरत्या वाळलेल्या नाहीत.

मी


९ फेब्रुवारी

नमस्कार.

तुमचं पत्र परवा मिळालं. मुठीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. ती मी इथं उतरवत नाही, पण वाचली. वन्संना ते पान दाखवलं नाही. देवापुढे ठेवलं आहे.

बाकीचं वन्संना वाचून दाखवलं. पहिल्या पत्रापासून लिहीत आलात तेच पुन्हा: शेंगेच्या टरफलावर उभी एकच शीर असेल तर झाड नवीन, आणि तिचं नाव लागणार. तीन असतील तर ती शेताच्या बांधावर उगवणारी साधी रानमोहरी, जिला कधीच नाव दिलेलं आहे. मग तुमचा लेख रद्द, आणि तिचं नाव कुठंच नाही. दुसऱ्या झाडाला द्यायला तुमच्याकडे दुसरं झाड नाही. शेंगा आल्या नाहीत तर तुमचे साहेब महिनाअखेर लेख आहे तसा छापायला देणार. पुढे कधी कुणाला चूक सापडली, तर नाव खऱ्या नावाच्या खाली बारीक अक्षरांत जाईल, पण राहील.

वन्सं बराच वेळ बोटांची शाई खरवडत बसल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, शेंगा वाळल्यात ना?"

"वाळल्यात."

"कधी?"

मी पत्राची घडी घातली.

"मोजल्यात तुम्ही. घरात तांदूळ मोजून घेणारी बाई, हातात भिंग असताना शेंग मोजल्याशिवाय राहील? किती?"

"तीन," मी म्हटलं.

मागचं पत्र लिहिलं तेव्हा मोजून झालं होतं. तुम्हालाही ते कळलं असेल. भर दुपारी खिडकीशी उभी राहून मोजलं. मातीतल्या झाडाची शेंग आधी धरली. एक ठळक शीर मधे, आणि दोन्ही अंगांना एकेक. वाटलं, मातीनं बिघडवलं असेल. मग खडीतल्या झाडाची शेंग घेतली. त्याला सगळ्या मिळून दोनच आल्या होत्या, नखाएवढ्या. भिंग पुसलं, पुन्हा धरलं. तीन. तुमच्या चित्रातलंच झाड, लव तीच, पान तेच, आणि शिरा तीन.

मला आनंद व्हायला हवा होता. तीन महिने मी देवाकडे हेच मागत होते, की तिच्या नावाची हाकाटी होऊ नये. त्यानं ऐकलं. आणि मी खिडकीशी उभी राहून शेंगेत तीन सोडून काहीही दिसतं का, चौथी शीर दिसते का, दोनच दिसतात का, असं बघत होते. दोन दिसल्या असत्या तर दोन लिहिल्या असत्या की काय, कोण जाणे.

वन्सं म्हणाल्या, "मग पाठवू नका. नाही पिकल्या म्हणा. कीड लागली म्हणा. बारीक टाइपात का होईना, आपल्या ठकीचं नाव राहील. मी रोज जुळवते ना बारीक टाइप. वाचतात हो लोक. कुणी तरी भिंग लावून वाचतोच."

ठकी हे त्यांनीच ठेवलेलं. मला कधी आवडलं नाही. त्या म्हणाल्या तेव्हा त्यांचा आवाज बदलला.

दोन दिवस शेंगा लिफाफ्यात घालून पोळपाटाखाली ठेवल्या होत्या. राहिलेल्या शेंगा कुंडीत वाळतात आणि उन्हं चढली की तडकतात. दाणे उडून मागच्या दारावर आपटतात, टक, टक. ती अशीच खडे मारायची, मी आतून कडी लावली की. पहिल्या दिवशी मी उठून दार उघडलं. दुसऱ्या दिवशीही उघडलं. आता दार उघडंच ठेवते.

पण मला हे जमणार नाही. त्या चिठ्ठीवर एक खोटं आधीच आहे, की ती गोळा करत होती. त्याच्यावर दुसरं रचायचं, आणि कुणाला तरी ते सापडेपर्यंत माझी पोर तुमच्या कपाटात त्यावर उभी राहणार. खालची माती सरकली तर काय होतं, ते तिला एकदा झालेलं आहे.

म्हणून शेंगा याच पत्रासोबत पाठवते आहे. एका लिफाफ्यात मातीतल्या, एकात खडीतल्या. बाहेर तसं लिहिलं आहे. तिकिटं पुरेशी लावली आहेत.

आणखी एक तुम्हाला सांगायचं राहिलं. मातीतलं झाड. फुलं गळाली, शेंगा धरल्या, आणि आता बघितलं तर त्यात काहीही विशेष नाही. अशी झाडं रस्त्याच्या कडेला उभी असतात आणि माणसं त्यांच्यावरून चालत जातात. बरी माती मिळाली, थोडं पाणी मिळालं, आणि ते साधं झालं. ती आता पंधराची असती. तुम्हाला ती जगावेगळी व्हायला हवी होती, मला ठाऊक आहे. तिचं नाव द्यायला झाडही जगावेगळं हवं होतं. मला नको होतं हो. ती माझ्यापेक्षा उंच झाली असती, आरशासमोर वेळ घालवला असता, गणितात काठावर पास झाली असती, तुमच्या झाडांना कंटाळली असती. मला ती चारचौघींसारखी हवी होती. ती तशी दिसते कशी, ते या कुंडीत मी बघितलं. एवढ्यासाठी तुमचं भिंग ठेवून घेते.

खडीतलं झाड सुकलं. ते उपटलं नाही. मूळ आत राहू दे.

आता माझं मागणं. तुम्ही तिचं नाव छापणार होतात, ते आता होणार नाही. मी ते सहा वर्षं घेतलं नाही, तुम्हीही कुणाजवळ घेतलं नसेल. चिठ्ठीवर लिहिलंत तेवढंच. वन्सं ठकी म्हणतात. म्हणजे ते आता कुणाच्याच तोंडी नाही. काल दुपारी दाराशी उभी राहून मी हाक मारून बघितली. पहिलं अक्षर आलं, पुढचं येईना. आठवत नाही असं नाही. गळ्यातून येत नाही. मग वाटलं, ते आपण दोघांनी मिळून ठेवलेलं, एकटीच्या तोंडून कसं निघेल.

तेव्हा तुमच्या हातानं ते नाव लिहून पाठवा. शेपटीशिवाय, आपण हाक मारायचो तसं. त्यापुढे मागे काही लिहू नका. मी दाराशी बसून वाचेन, मोठ्यानं. मागं वळली तर वळू दे. सहा वर्षं मी तिला पाठमोरीच बघते आहे.

पार्सल नको, लिफाफाही नको. साधं कार्ड पुरेल. उलट टपाली पाठवा.

तिची आई